वाऱ्यावर चालणाऱ्या गिरण्या

दिवस पहिला, शुक्रवार : नॉटिंगहॅम

आम्हा सातारकरांना पवनचक्की म्हटलं की चाळकेवाडीचं पठार आठवतं. तिथे ती पांढरी पाती नवीन उभी राहिली तेव्हा अण्णांना मुद्दाम दाखवायला नेलं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. कोरेगावात आमची पिठाची गिरणी होती. त्यांनी मान वर करून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "चक्की म्हणताय, मग दळतंय कुठं?" दळत नाही, वीज तयार होते, असं सांगितल्यावर त्यांचा रस संपला. परतीच्या वाटेवर सज्जनगड दिसल्यावर ते पुन्हा बोलायला लागले.

त्यामुळे लेकीकडे नॉटिंगहॅमला महिनाभर राहायला आले आणि शहरातच एक दळणारी पवनचक्की आहे असं कळलं, तेव्हा राजवाडे-किल्ले सोडून मी आधी तिकडे निघाले. जागेचं नाव स्पेलिंगप्रमाणे 'स्नाइंटन' वाचलं, तर बसमधल्या आजीबाईंनी दुरुस्त केलं : 'स्नेंटन'. टेकाडावर विटांचा गोल बुरूज, वर पांढरी टोपी आणि टोपीला चार पाती. भोवती साधी विटांची घरं, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे. तिकीट नाही, दारात दानपेटी.

ही 'ग्रीन्स मिल'. एका बेकरीवाल्याने १८०७ साली बांधलेली. त्याच्या मुलाचं नाव जॉर्ज ग्रीन. हे ऐकून लेक पायरीवरच थांबली. "आई, एम-थ्रीच्या पेपरातला ग्रीन?" तोच. इंजिनिअरिंगच्या पोरांना एम-थ्री या गणिताच्या पेपरात छळणारं ग्रीनचं प्रमेय ज्याचं, तो माणूस इथे पोती उचलत होता. शाळा झाली जेमतेम वर्षभर, तीही आठव्या-नवव्या वर्षी. पुढची बरीच वर्षं गिरणीत. १८२८ साली त्याने वीज आणि चुंबकत्वाच्या गणितावरचा प्रबंध स्वतःच छापून घेतला, आगाऊ वर्गणीदार मिळाले ५१. त्यातल्या किती जणांना तो समजला असेल, देव जाणे. पुढे चाळिशीत तो केंब्रिजला विद्यार्थी म्हणून गेला आणि १८४१ मध्ये वारला. त्यानंतर काही वर्षांनी विल्यम थॉमसनच्या, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनच्या हाती तो प्रबंध पडला आणि त्याने तो युरोपभर पोचवला.

गिरणीच्या वरच्या मजल्यावर तो अभ्यास करायचा असं सांगतात. मला यात काही नवल वाटलं नाही. दळण चालू असताना गिरणीवाल्याच्या हातांना काम असतं, कानांना असतं, पण डोकं बरंच मोकळं असतं. अण्णा त्या वेळात पेपरातली कोडी सोडवायचे.

वारा पडलेला होता. पाती स्थिर, आतही शांतता. पण बंद यंत्र समजून घ्यायला सोपं. मी खालून वर चढत गेले आणि नेमकं उलटं शिकले, कारण पवनचक्कीत सगळं वरून खाली येतं. पात्यांचा आडवा कणा टोपीत शिरतो. त्यावर माणसापेक्षा उंच दातेरी चाक. त्याच्याभोवती लाकडी ठोकळ्यांचा पट्टा, तो आवळला की पाती थांबतात, म्हणजे हाच ब्रेक. हे चाक एका उभ्या खांबाला फिरवतं, खांब खालच्या मजल्यावरच्या दुसऱ्या मोठ्या चाकाला, आणि त्या चाकाला लहान चाकं खेटवली की दगड फिरतात. पाती मिनिटाला बारा-पंधरा फेरे घेतात तेव्हा दगड शंभराच्या पुढे जातो. धान्याची पोती वर ओढायलासुद्धा वाराच. साखळी खेचली की पोतं जमिनीतल्या झापा उघडत वर जातं आणि झापा मागे आपोआप मिटतात. हे बघून मला अण्णांची पाठ आठवली. आमच्याकडे पोती वर चढवायचं यंत्र म्हणजे तेच होते.

लोखंडी चाकाचे दाते मात्र लाकडाचे. का, तर लोखंडावर लोखंड घासून ठिणगी उडायला नको, पिठाची धूळ पेटायला तेवढी पुरते. शिवाय आवाज कमी, आणि दाता मोडला तर एक दाता बदलायचा, अख्खं चाक नाही. दात्यांची संख्याही अशी हिशोबाने ठेवलेली की दर फेरीला तोच दाता त्याच दात्याला भेटणार नाही. झीज सगळ्यांत सारखी वाटली जाते.

१९४७ साली आगीत हिची टोपी, लाकूडकाम सगळं गेलं. उरला विटांचा बुरूज. १९८० च्या दशकात नव्याने लाकडं, पाती, टोपी घालून ती परत दळती केली. म्हणजे मी ज्याला हात लावत होते त्यातलं जॉर्ज ग्रीनने हात लावलेलं किती? फारसं काही नसणार. हा प्रश्न तेव्हा सोडून दिला. पुढचे दिवस तो काही मला सोडेना.

दुकानातून दीड किलोची गव्हाच्या पिठाची पिशवी घेतली.

दिवस दुसरा, शनिवार : हेकिंग्टन

नॉटिंगहॅमहून स्केगनेसच्या समुद्राकडे जाणारी गाडी. ग्रँथम, स्लीफर्ड, मग हेकिंग्टन. वाटेत सपाट शेतं, आणि शेतांत मधूनच टोपी आणि पाती गमावलेले विटांचे बुरूज. त्यांना खिडक्या बसवून कुणी घरं केली आहेत, कुणी सुट्टीची बंगली. ठीक आहे, निदान पडले नाहीत. पण मला ते कोरलेल्या भोपळ्यासारखे वाटले : साल शाबूत, आत काही नाही.

हेकिंग्टनला उतरलं की पवनचक्की शोधावी लागत नाही, स्टेशनला लागूनच आहे. आणि तिला आठ पाती आहेत. चार पात्यांची पवनचक्की फुलीसारखी दिसते; ही सूर्यफुलासारखी दिसते. ब्रिटनमध्ये अशी आता एवढी एकच उभी आहे.

आज वारा होता. पायऱ्या चढतानाच पायाला कळलं : जमीन हलके थरथरत होती. पिठाचा वास तोच. कोरेगाव काय, लिंकनशायर काय.

वर एक सत्तरीचे स्वयंसेवक आजोबा पांढऱ्या डगल्यात काम करत होते. डगला मुळात पांढरा होता की पिठाने झाला होता, सांगता येत नाही. मी गिरणीवाल्याची मुलगी आहे म्हटल्यावर त्यांनी बाकीच्या पाहुण्यांना सोडून मला शिकवायला घेतलं. बाकीचेही मग आमच्या मागून आले.

ही गिरणी १८३० ची, आणि तेव्हा तिला पाती होती पाच. १८९० च्या वादळात टोपी आणि पाती उडाली. तेव्हा जॉन पॉकलिंग्टन नावाच्या माणसाने इथल्याच (अमेरिकेतल्या नव्हे) बॉस्टनजवळच्या एका बंद पडलेल्या पवनचक्कीची आठ पाती विकत घेतली आणि १८९२ पर्यंत या बुरुजावर आणून चढवली. म्हणजे धड एकीचं, डोकं दुसरीचं. आपल्याकडे गणपतीची गोष्ट माहीत असलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. मी ती गोष्ट आजोबांना सांगितली. ते इतके खूश झाले की खाली जाऊन दुसऱ्या स्वयंसेवकाला सांगून आले.

पाचावरून आठ का? पाच पात्यांतलं एक मोडलं तर तोल जातो, चक्की बंद. आठांतलं एक मोडलं तर समोरचं काढून टाकायचं आणि सहांवर दळत राहायचं. आणखी मोडलं तर चारांवर. शिवाय पाती जास्त, तर मंद वाऱ्यातही चाक उठतं. तोटा एकच : आठ पात्यांचा खर्च आणि आठ पात्यांची देखभाल.

ही पाती म्हणजे एकेक लांबलचक खिडकी आहे, लहान लहान झडपांची. जुन्या काळी लाकडी जाळीवर कापड ताणायचे. वारा वाढला की पाती थांबवायची, एकेक पातं खाली आणायचं आणि प्रत्येकाचं कापड गुंडाळायचं, वादळ आलं तरी. विल्यम क्युबिट या इंजिनिअरने १८०७ साली यावर तोड काढली. सगळ्या झडपा कांड्यांनी जोडायच्या, त्या कांड्या पोकळ कण्यातून मागे नेलेल्या एका दांड्याला, आणि दांड्याला साखळीने वजन टांगायचं. वाऱ्याचा झोत वजनापेक्षा भारी झाला की झडपा आपोआप उघडतात आणि वारा आरपार जातो. झोत ओसरला की मिटतात. पाती थांबवायची गरज नाही. आजोबांनी बाहेरची साखळी दाखवली, तिला खरोखर वजनं लटकत होती, किराणा दुकानातल्या मापांसारखी.

वाऱ्याने दिशा बदलली तर? टोपीच्या पाठीमागे एक छोटा पंखा असतो, मोठ्या पात्यांच्या काटकोनात. वारा समोरून येत असेल तोवर तो स्वस्थ. वारा बाजूला सरकला की त्याला लागतो, तो फिरतो, आणि दातेरी चाकांमधून अख्खी टोपी पात्यांसकट हळूहळू वळवून वाऱ्यासमोर आणतो. एडमंड ली याने १७४५ साली याचं पेटंट घेतलं. खळ्यावर वावडीवर, म्हणजे उंच तिवईवर, उभं राहून वारा कुठून येतो ते पाहात उफणणी करणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या मानेचं काम हा पंखा करतो.

मग दगडांचा मजला, आणि इथे मी सर्वांत जास्त रेंगाळले. खालचा दगड स्थिर, वरचा फिरता, जात्यासारखंच. फक्त एकेक दगड टनाच्या घरातला. पिठासाठीचे चांगले दगड फ्रान्समधून येत. ते अखंड नसतात, गारगोटीसारख्या कठीण दगडाचे तुकडे जुळवून भोवती लोखंडी पट्टी आवळलेली असते. जनावरांच्या भरड्याला डर्बिशायरचा स्थानिक दगड. दळून दळून खाचा बुजल्या की दगड उलटा करून टाकी लावायची, म्हणजे छिन्नीने खाचा पुन्हा कोरायच्या. टाकीचा इंग्रजी अवतार हातात घेऊन पाहिला : लाकडी मुठीत बसवलेली दुतोंडी पोलादी छिन्नी. टाकी लावताना पोलादाचे कण उडून हातात घुसतात, जुन्या कारागिरांच्या हातांवर निळे-काळे ठिपके असायचे, असं आजोबा सांगत होते. मला सांगायची गरज नव्हती. अण्णांच्या डाव्या मनगटावर तसे ठिपके होते. आम्ही मुली ते मोजायचो.

धान्य हॉपरमधून, म्हणजे वरच्या धान्याच्या पेटीतून, एका तिरक्या लाकडी पन्हाळीत येतं, आणि दगडाबरोबर फिरणारी एक कंगोरेदार दांडी त्या पन्हाळीला सतत ठोकत राहते. दगड जोरात फिरला की ठोके वाढतात, दाणे जास्त पडतात. मंदावला की कमी. हिशोब वारा स्वतःच ठेवतो. या बडबड्या दांडीला इंग्रज गिरणीवाले 'डॅमझेल' म्हणत, म्हणजे तरुण पोरगी, कारण ती सारखी बोलत असते. आजोबांनी हे जरा दबकत सांगितलं. मी म्हटलं, आमच्याकडे दळायचं काम बायकांचं होतं आणि त्या नुसत्या बोलत नव्हत्या, ओव्या रचत होत्या. नाव ठेवायला पुरुष तिथे नसायचेच, झोपलेले असायचे.

हॉपरला एक घंटाही बांधलेली. धान्य भरलेलं असेल तोवर त्याच्या भाराने पट्टा ताणलेला राहतो आणि घंटा गप्प. धान्य संपत आलं की पट्टा सैल होतो आणि घंटा वाजते. दगड कोरडा फिरला तर दगडावर दगड घासून ठिणग्या, आणि मग आग. आमच्या गिरणीत घंटा नव्हती. आवाज बदलला की अण्णा पुढच्या खोलीतून, जेवणावरून उठून धावायचे.

खाली पीठ पडत होतं त्या नळाशी आजोबांनी हात धरला आणि पीठ अंगठ्याने तर्जनीवर पसरलं. मी काही न विचारता माझाही हात पुढे केला. कोमट पीठ. दोन दगडांमधलं अंतर कमी-जास्त करायला दोन गोळ्यांचा फिरता नियंत्रक आहे. वाफेच्या इंजिनावर जेम्स वॉटने तो प्रसिद्ध केला, पण पवनचक्क्यांत तो त्याच्याही आधीपासून होता. तरी शेवटचा निवाडा अंगठ्याचाच. "जाड की बारीक?" मी मराठीत म्हटलं, मग भाषांतर केलं. "आज मध्यम," ते म्हणाले.

हेकिंग्टनची ही गिरणी १९४०च्या दशकात बंद पडली, १९५३ मध्ये काउंटी कौन्सिलने विकत घेऊन वाचवली, आणि १९८६ पासून पुन्हा दळते आहे. नुसती उभी का नाही ठेवली, फिरवायचा खटाटोप कशाला, असं मी विचारलं. आजोबांचं उत्तर तांत्रिक होतं आणि मला ते पटलं. पाती एकाच जागी थांबली की पाऊस दर वेळी त्याच सांध्यात उतरतो, तेच लाकूड कुजतं, कणा त्याच बिंदूवर टेकून बसतो. फिरणाऱ्या यंत्राकडे माणसं रोज बघतात, थांबलेल्याकडे वर्षातून एकदा.

दिवस तिसरा, रविवार : बॉस्टन आणि सिब्सी

रात्री बॉस्टनला मुक्काम. सकाळपासून बारीक पाऊस.

मॉड फॉस्टर नावाच्या कालव्याच्या काठावर त्याच नावाची पवनचक्की : सात मजले, पाच पाती, १८१९ साली टॉमस आणि आयझॅक रेकिट या भावांसाठी बांधलेली. आम्ही गेलो तेव्हा दार बंद. कालव्याच्या पलीकडून, छत्रीखालून पाहिली. कांद्याच्या आकाराची पांढरी टोपी पाण्यात उलटी दिसत होती.

रेकिट हे नाव ओळखीचं वाटतंय? आयझॅकचा गिरणीधंदा इथे फार काळ टिकला नाही. तो पुढे हल शहरात गेला आणि १८४० मध्ये स्टार्चच्या धंद्यात पडला. त्या कंपनीने मग कपड्यांची नीळ काढली. आपल्या मोरीतल्या फडताळावरची रॉबिन नीळ आणि डेटॉलची बाटली याच घराण्याच्या कंपनीची. अण्णांचा पिठाने माखलेला सदरा आई ज्या निळीत बुडवायची, तिचं मूळ एका बुडीत गिरणीवाल्यात निघावं, याची मला गंमत वाटत राहिली.

दुपारी टॅक्सीने सिब्सी. सहा पात्यांची १८७७ ची 'ट्रेडर मिल', इंग्लिश हेरिटेज या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे असलेली. पावसाने दहा मिनिटांत हुसकावलं. १८७७ म्हणजे वाफेच्या गिरण्या आणि पाठोपाठ लोखंडी रोलर येऊन पवनचक्क्यांचा काळ संपत आला होता, आणि कुणीतरी एवढी मोठी नवी चक्की बांधली. अण्णांनीही घरघंट्या घरोघरी आल्यावर नवी मोटर घेतली होती.

१८७७ हे साल आणखी एका कारणाने लक्षात राहिलं. त्याच वर्षी लेखक-कलाकार विल्यम मॉरिसने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. जुनी वास्तू 'होती तशी' नव्याने घडवू नका, रोजच्या डागडुजीने आहे ती टिकवा, असं त्यांचं म्हणणं. १९३१ पासून याच संस्थेचा एक विभाग पवनचक्क्यांसाठी काम करू लागला. आणि इथेच पंचाईत आहे. देऊळ किंवा चर्च 'आहे तसं' टिकवता येतं. गिरणी हे यंत्र आहे, ते चाललं तर झिजणार, झिजलं तर बदलावं लागणार. परतीच्या गाडीत लेकीशी यावरून वाद झाला. ती म्हणाली, सगळं बदललं तर उरलं काय, ती प्रतिकृती झाली. मी म्हटलं, अण्णांच्या गिरणीचा दगड दोनदा बदलला, मोटर तीनदा, पट्टे तर मोजलेच नाहीत. गावात कुणी म्हटलं का, की ही अण्णांची गिरणी नाही? "अगं पण आई, अण्णा तेच होते ना," ती म्हणाली, आणि मला एकदम उत्तर सुचलं नाही.

दिवस चौथा, पुढचा रविवार : पिटस्टन

मधला आठवडा लेकीच्या नोकरीचा. ही पवनचक्की उन्हाळ्यातल्या ठरावीक रविवारी दुपारीच उघडते, म्हणून तोवर थांबलो आणि गाडीने दोन-अडीच तास दक्षिणेला गेलो. बकिंगहॅमशायर, चिल्टर्नच्या खडूच्या टेकड्यांचा पायथा. गाडी लावून शेतातल्या पायवाटेने चालत जायचं. दोन्ही बाजूंना पीक, आणि मधोमध एकटं उभं असलेलं एक लाकडी घर.

घरच. पिटस्टनची गिरणी बुरुजाची नाही, खांबावरची आहे. ओकचा एक जाड उभा खांब, त्याला चार बाजूंनी तिरके टेकू, ते दोन आडव्या तुळयांवर. खांबाच्या डोक्यावर एक तुळई नुसती टेकलेली, आणि तिच्यावर अख्खी गिरणी तोललेली : भिंती, दगड, चाकं, पाती, धान्य, माणूस. वारा फिरला की फक्त टोपी नाही, सगळं घर फिरवायचं. त्यासाठी मागून एक लांब दांडा शेपटीसारखा जमिनीपर्यंत येतो. गिरणीवाल्याने त्याला खांदा लावायचा आणि ढकलायचं. मागच्या पंख्याचा शोध लागण्याआधी रात्री-बेरात्री वारा बदलला की अंथरुणातून उठून हेच करायचं.

आत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने पोट आत घ्यावं लागतं. एका स्वयंसेविकेने बॅटरीच्या उजेडात तुळईवर कोरलेलं साल दाखवलं : १६२७. मी मनात हिशोब केला. शिवनेरीवर महाराजांचा जन्म व्हायला अजून तीन वर्षं होती.

१९०२ च्या वादळाने ही मोडली. दुरुस्ती परवडणारी नव्हती, तशीच शेतात पडून राहिली. १९३७ साली नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला दिली गेली, तरी कामाला हात लागायला १९६३ उजाडलं. गावच्या आणि आसपासच्या लोकांनी सुट्टीच्या दिवशी, पदरमोड करून ती जोडली. १९७० मध्ये, ६८ वर्षांनी, तिच्यात पुन्हा धान्य दळलं गेलं.

आज ती थांबलेली होती, आणि माझी पंचाईत झाली. शनिवारी हेकिंग्टनला मी ठामपणे चालत्या गिरणीच्या बाजूची होते. इथे, त्या काळ्या पडलेल्या तुळईवर हात ठेवल्यावर, हिला जोरात फिरवू नका असं म्हणावंसं वाटलं. करवतीच्या, वाकसाच्या खुणा अजून बोटांना लागत होत्या. काही तुळयांना नव्या लाकडाचे तुकडे जोडले आहेत, आणि ते नवे आहेत हे लपवलेलं नाही. जुनं काळं, नवं पिवळट, मध्ये सांधा स्पष्ट. गोधडीला ठिगळ लावावं तसं. मला हे आवडलं. ठिगळाचा रंग जुळवायला कुणी गेलं नव्हतं.

स्वयंसेविकेला विचारलं, तुम्ही कधीपासून येता? वडील यायचे, त्यांच्याबरोबर यायला लागले, ती म्हणाली. लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

घरी परतल्यावर स्नेंटनहून आणलेली पिशवी फोडली. मळायच्या आधी चिमूटभर पीठ अंगठ्याने बोटावर पसरलं. जावई विचारत होते, काय बघताय आई? थोडं जाड आलं होतं. दगड अजून जरा आवळायला हवा होता.